वाचनालयासाठी पंचायतीकडे काय मागायचं?

'निधी नाही' एवढं ऐकून ज्यांनी अर्ज परत घरी आणलाय, त्यांच्यासाठी लिहितोय.

मी आमच्या गावातल्या 'ड' वर्गाच्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयाचं काम बघतो. २०२० साली अशा वाचनालयाला वर्षाला ३० हजार अनुदान होतं. पुस्तकं, पेपर, लाईटबिल, ग्रंथपालाचं मानधन, सगळं त्यातच. कोरोनामुळे ४ मे २०२० ला राज्याच्या वित्त विभागाने विकासकामांचा खर्च ३३ टक्क्यांवर आणला आणि आमचा हप्ता रखडला. ऑक्टोबरच्या मध्यावर वाचनालयं उघडायला परवानगी मिळाली. कुलूप काढलं तर भिंतीलगतच्या कपाटावर वाळवीची मातकट रेघ, थेट तिसऱ्या कप्प्यापर्यंत. एक पुस्तक उचललं, पुठ्ठा हातात आला आणि पानं फळीवरच राहिली. आमच्या ग्रंथपाल ताई तिथेच खाली बसल्या.

त्याच आठवड्यात पंचायतीत अर्ज दिला: 'मानधनासाठी आर्थिक मदत मिळावी.' उत्तर आलं, निधी नाही. तेव्हा राग आला. पण ते उत्तर खोटं नव्हतं. लोकांच्या हाताला काम नव्हतं, घरपट्टी-पाणीपट्टी कोण भरणार? वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच लागतो, अबंधित निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, पण त्यातून पगार-मानधन देता येत नाही. म्हणजे आम्ही नेमकं तेच मागितलं होतं जे देता येत नव्हतं. त्यात पंचायतीची मुदत संपल्यामुळे प्रशासक बसलेला.

जानेवारी २०२१ च्या निवडणुकीनंतर नवीन बॉडी आली, तेव्हा दुसरा अर्ज केला. मानधनाचा शब्द काढला नाही. गळके पत्रे बदलणं हे काम गाव विकास आराखड्यात घ्या आणि लाईटबिल ग्रामनिधीतून (पंचायतीच्या स्वतःच्या निधीतून) भरा, एवढंच. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत, म्हणजे पंचायतीच्या कामांच्या यादीत, वाचनालय आहे, हेही लिहिलं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी खाली सह्या केल्या आणि मासिक सभेच्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. मला वाटतं, काम त्यांच्यामुळेच झालं.

पत्रे बदलले. लाईटबिल पंचायत भरते. मानधन मात्र आम्ही वर्षभर वर्गणीतून दिलं, आणि ते फार कमी होतं.

तरीही माझी तक्रार आहेच. पैशांची ओढाताण झाली की पंचायती सगळ्यात आधी वाचनालय, तालीम, महिलांचं शिवणकेंद्र यांनाच कात्री लावतात. गटार तुंबलं तर माणूस तावातावाने पंचायतीत जातो. वाचनालय बंद पडलं तर पोरं गप्प घरी बसतात. सरपंच-सदस्यांनो, ती गप्प आहेत म्हणून त्यांना गरज नाही असं धरू नका. चार फळ्या आणि एक ट्यूबलाईट, पण घरी दोन खोल्यांत सातजण राहणाऱ्या पोरीला अभ्यासाला तेवढीच जागा असते.

२०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला, बरं वाटलं. पत्रे त्यातूनही होत नाहीत.

पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा साधारण २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते. त्याआधी अर्ज द्या. आमच्या दुसऱ्या अर्जाचा फोटो माझ्याकडे आहे, हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये सांगा.