नाही म्हणता येईल अशी नेमणूक

शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या महिलांच्या मानधनाचा विषय खान्देशात निघाला की चर्चेच्या दोन बाजू लगेच ठरून जातात. दरमहा 2500 रुपयांत कोणी का राबावे, असे एक बाजू विचारते. दुसरी म्हणते की काम दोन-तीन तासांचे आहे, गावातल्या गावात आहे, आणि जिला परवडत नसेल तिने ते सोडावे, दुसरी तयारच आहे. अधूनमधून तिसरे मतही ऐकू येते: शाळेतल्या चुली बंद करून शहरांप्रमाणे केंद्रीय स्वयंपाकगृहातून जेवण आणावे. मी मूळची अमळनेर तालुक्यातली. सध्या कॅलिफोर्नियातील एका स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत, शाळेच्या स्वयंपाकघराची व्यवस्था पाहते आणि नवे कर्मचारी निवडणाऱ्या मुलाखत समितीत बसते. त्या बाईची निवड कोणत्या पद्धतीने झाली, तिला कोणी नेमले आणि कोण एका शब्दावर घरी बसवू शकतो, हा प्रश्न मला या तिन्ही मतांत कुठेच आढळत नाही. माझ्या मते मानधनाच्या आकड्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, तो महत्त्वाचा आहे.

इथली पद्धत प्रथम सांगते. ती आदर्श आहे म्हणून नव्हे. जागा निघाली की कामाचे लेखी वर्णन प्रसिद्ध होते: किती तास, किती वजन उचलावे लागेल, कोणती उपकरणे हाताळावी लागतील, वेतनश्रेणी कोणती. मुलाखतीला दोन-तीन जणांची समिती असते, प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात आणि उत्तरांना आपापल्या कागदावर गुण दिले जातात. लग्न झाले आहे का, मुले किती, धर्म कोणता, हे विचारायचे नसते. आधीच्या नोकरीत पगार किती होता, हे विचारायलाही कॅलिफोर्नियात 2018 पासून कायद्याने बंदी आहे. निवडीनंतर बोटांच्या ठशांवरून गुन्हेगारी नोंदींची आणि जोडीला क्षयरोगाची तपासणी होते. 2015 पासून लागू झालेल्या अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार आठवड्याला वीस तास किंवा अधिक काम करणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षाला किमान सहा तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

एवढा जामानिमा करूनही माणसे मिळत नाहीत. बऱ्याच जागा रोजच्या तीन-चार तासांच्या असतात आणि उन्हाळ्यात पगार नसतो. त्यातच एप्रिल 2024 पासून कॅलिफोर्नियात मोठ्या फास्टफूड साखळ्यांमधील किमान वेतन ताशी 20 डॉलर झाले, तेव्हा शाळांच्या स्वयंपाकघरांना थेट बर्गरच्या दुकानांशी स्पर्धा करावी लागली. खान्देशात ही स्पर्धा कापसाच्या शेताशी असते. वेचणीच्या दिवसांत शेतात मिळणारी मजुरी आणि शाळेतले दिवसाला जेमतेम शंभर रुपये यांचा हिशेब प्रत्येक स्वयंपाकीण मनातल्या मनात करतच असते. तेव्हा ‘दुसरी तयारच आहे’ या विधानावर विसंबणाऱ्यांनी ती दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरातही तयार असते का, हे एकदा मुख्याध्यापकांना विचारून पाहावे.

पण पैसा हा या प्रश्नाचा एक भाग झाला. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावात शाळेचे जेवण खाऊन 23 मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. तेलाला विचित्र वास येत असल्याचे स्वयंपाकिणीने मुख्याध्यापिकेला सांगितले होते आणि तरीही तेच तेल वापरायला लावले गेले, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागात कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरणे नवे नाही, म्हणून ती घटना मला दूरची वाटत नाही. त्यानंतर 2015 मध्ये केंद्राने नियम केले, जेवण वाढण्यापूर्वी चाखणे आणि नोंदवही ठेवणे आले. मात्र ज्या बाईचे काम मुख्याध्यापकांच्या मर्जीवर आणि शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या वजनदार घराच्या कलावर टिकून आहे, तिने चव नोंदवहीत ‘डाळीला कीड आहे, आज शिजवणार नाही’ असे लिहावे, ही अपेक्षा कोणत्या आधारावर करायची? पटसंख्या घटली की निकषानुसार स्वयंपाकिणींच्या जागाही कमी होतात, आणि दोघींपैकी कोणी जायचे याचा निर्णय बहुधा तोंडीच होतो.

आमच्या समितीच्या प्रश्नांपैकी जो मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो याच मुद्द्याचा आहे. सकाळी शीतकपाट उघडल्यावर आतील तापमान 41 अंश फॅरनहाइटच्या (सुमारे 5 अंश सेल्सिअसच्या) सुरक्षित मर्यादेवर गेलेले दिसले, वाढायला अर्धा तास उरला आहे आणि वरिष्ठ म्हणतात की चालेल, तर तुम्ही काय कराल? उमेदवाराला नियम पाठ आहे की नाही, हे त्यातून कळतेच. पण नियम मोडायला सांगणाऱ्याला ती कसे उत्तर देते, हे अधिक कळते. गावाकडे शीतकपाट नसेल, पण तेल, डाळ, पाण्याची टाकी आणि पालीचा संशय असलेले पातेले आहे. तोच प्रश्न तिथेही विचारता येतो आणि तो विचारणाऱ्या समितीवरही त्याच्या उत्तराचे बंधन येते.

जातीचा प्रश्नही इथे येतो. स्वयंपाकी व मदतनीसांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती व जमातींना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्येच सांगितले आहे. तरी डिसेंबर 2021 मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण मुलांनी नाकारले आणि नेमणुकीची प्रक्रिया बरोबर नव्हती, असे कारण देऊन तिलाच आधी दूर केले गेले. प्रक्रियेतली फट कोणाविरुद्ध वापरली जाते, हे त्यावरून दिसते. लेखी निकष आणि गुणांची नोंद असती, तर निदान ते कारण देता आले नसते.

यावर गावातून येणारा आक्षेप मला ठाऊक आहे: ओळखीचीच बाई, तिची मुले त्याच शाळेत, तिची कसली मुलाखत? ही ओळख खरोखर मौल्यवान आहे; इथल्या वीस मिनिटांच्या मुलाखतीत ती सापडत नाही. शिवाय कागदी पद्धत कोणाला बाहेर ठेवते, हेही मी पाहते. संगणकावरचा लांबलचक अर्ज भरता न आल्याने उत्तम हाताच्या मेक्सिकन आणि पंजाबी बायका आमच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून खान्देशात लेखी परीक्षा किंवा ऑनलाइन अर्ज कोणी सुचवू नये. लग्नाच्या पंगतीसाठी परातभर कणीक मळून बट्ट्या करणाऱ्या निरक्षर विधवेला पन्नास मुलांच्या जेवणाचा अंदाज कोणी शिकवायला नको. मुलाखत तोंडी, तिच्या भाषेत, अहिराणीत किंवा पावरीत व्हावी. उत्तरे समितीने लिहावीत. पण शेवटी तिच्या हातात कामाचे स्वरूप, मुदत आणि काढण्याची पद्धत सांगणारे नेमणूकपत्र असावे.

‘मानधन’ म्हणून ही सेवा स्वेच्छेची ठरवली गेली, त्यामुळे असे पत्र देणे प्रशासनाला अडचणीचे वाटते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये एका स्वयंपाकिणीच्या याचिकेवर, दरमहा 1000 रुपयांत हे काम करून घेणे म्हणजे राज्यघटनेच्या कलम 23 ने निषिद्ध केलेली वेठबिगारी आहे, असे म्हटले. तो निकाल उत्तर प्रदेशातला असला तरी त्यामागचा युक्तिवाद तापीच्या काठावरही तितकाच लागू पडतो.

राहिले केंद्रीय स्वयंपाकगृह. जळगाव शहरात ते सोयीचे असेल. सातपुड्यातील धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर पावसाळ्यात गाडीच पोहोचत नाही, तिथे चूल शाळेतच पेटणार. तिथली अडचण निराळी आहे: दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात आणि स्वयंपाकीणही जाते. आमच्याकडे बदली कर्मचाऱ्यांची यादी आधीच मुलाखती घेऊन तयार ठेवलेली असते आणि रजेवरची व्यक्ती परतली की जागा तिचीच असते. सातपुड्यात जूनमध्येच दोन जास्तीच्या बायकांची निवड करून ठेवावी, आणि मार्चमध्ये परतणाऱ्या बाईचे काम तिलाच मिळेल, हे तिच्या नेमणूकपत्रात लिहावे.