एका क्लिकच्या ट्रेसिंगबद्दल

नमस्कार. स्कॅन केलेला प्लॅन कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हाताने पुन्हा काढावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की, इंकस्केप या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस बिटमॅप (इमेजच्या आपोआप रेषा करणारी कमांड) केलं की मिनिटभरात डीएक्सएफ, म्हणजे कॅडमध्ये उघडणारी फाइल, मिळते, मग लोकांना तासन्‌तास राबवायचं कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती डीएक्सएफ उघडा आणि भिंतीची एखादी रेषा झूम करून बघा. एकीच्या जागी दोन रेषा दिसतील. इंकस्केपचं हे ट्रेसिंग ज्यावर चालतं तो पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम रेषेचा मध्य शोधत नाही, काळ्या भागाची कड शोधतो. ०.३५ मिमी जाडीची रेषा ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) स्कॅनमध्ये साधारण चार पिक्सेल रुंद येते. प्लॅन १:१०० असेल, तर तिच्या दोन कडांमध्ये जागेवरचं ३५ मिमी अंतर पडतं. दाराची रुंदी मोजताना स्नॅप कोणत्या कडेला करायचा, म्हणजे कर्सर नेमका कुठे चिकटवायचा?

कडेऐवजी रेषेचा मध्य शोधणाऱ्या सेंटरलाइन ट्रेसिंगने दुहेरी रेषा जातात, हे खरं. पण भिंती जिथे मिळतात तिथे मध्यरेषा वाकते आणि काटकोन बिघडतो. वर्तुळाची वेडीवाकडी पॉलीलाइन, म्हणजे तुकडे जोडून झालेली रेघ, होते. तिला ना केंद्र, ना त्रिज्या. लिहिलेल्या मापांचे आकडेसुद्धा नुसत्या रेघोट्या होऊन येतात, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. कागद आकसतो, स्कॅन तिरका येतो, एक पिक्सेल म्हणजे जागेवरचे साडेआठ मिमी. अशा वेळी भरवसा ठेवावा तो त्या आकड्यांवरच. म्हणून मी इमेज फक्त खाली अटॅच करतो, सगळ्यात लांब लिखित माप धरून स्केल कमांडच्या रेफरन्स पर्यायाने ती बसवतो, दुसऱ्या दिशेचं लिखित मापही जुळतंय का ते बघतो आणि मग आकडे वाचत रेषा काढतो. बरंचसं काम ऑफसेट (ठरावीक अंतरावर समांतर रेषा) आणि ट्रिमवरच (जादा रेषा छाटणं) होतं, तुम्हाला वाटतं तितका वेळ लागत नाही.

लेझर कटिंगसाठी नक्षी किंवा लोगो हवा असेल, तर मात्र ऑटो ट्रेसच वापरा. तिथे कडच हवी असते. फक्त इमेज पीएनजी घ्या. जेपीईजीच्या कॉम्प्रेशनमुळे कडेला बारीक ठिपके उरतात आणि कटरला प्रत्येक ठिपका कापायची रेषा वाटतो.

आणि प्लॅनवर मापं लिहिलेलीच नसतील, तर हाताने काढूनही अचूकता स्कॅनपलीकडे जाणार नाही. तेव्हा टेप घेऊन जागेवरच जावं लागेल.