परतावे जरूर, पण बाकावर बसण्याच्या तयारीने

कारकिर्दीच्या उतरणीवर एखादा मोठा खेळाडू जुन्या, लाडक्या संघात परततो, तेव्हा चाहते हळवे होतात आणि त्याच्या नावाची जर्सी हातोहात खपते. अशी बातमी वाचली की मला मात्र एकच प्रश्न पडतो: संघाच्या हितासाठी या माणसाला बाहेर बसवण्याची मुभा प्रशिक्षकाला उरली आहे का?

डच फुटबॉलपटू डर्क काउट २००६ मध्ये फेयेनूर्ड हा आपला डच क्लब सोडून इंग्लंडच्या लिव्हरपूलला गेला आणि २०१५ मध्ये परतला. फेयेनूर्डने १९९९ नंतर डच लीग जिंकलेली नव्हती. मे २०१७ मध्ये एक्सेलसिअरविरुद्धचा सामना जिंकला असता तर विजेतेपद तिथेच निश्चित झाले असते. पण त्या सामन्यात प्रशिक्षक जिओव्हानी व्हॅन ब्रॉन्कहॉर्स्ट यांनी चक्क कर्णधार काउटलाच सुरुवातीला राखीव खेळाडूंत बसवले आणि संघ ०-३ असा हरला. परतलेल्या नायकाने रुसून बसायला याहून चांगले निमित्त ते कोणते? आठवड्याने हेराक्लेसविरुद्ध तो पुन्हा पहिल्या अकरांत उतरला, पहिल्याच मिनिटात गोल केला, पुढे हॅटट्रिक पूर्ण केली आणि अठरा वर्षांनी लीग घरी आणली. तीनच दिवसांनी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने निवृत्ती जाहीर केली.

क्रिस्तियानो रोनाल्डो २०२१ मध्ये मँचेस्टर युनायटेडला परतला तो निवृत्त होण्यासाठी नव्हे, हे मान्य. तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये टॉटेनहॅमविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरायला त्याने नकार दिला आणि पुढच्याच महिन्यात करार संपुष्टात आला. परतल्यानंतरच्या पहिल्या हंगामातले त्याचे चोवीस गोल आज कितीजणांना आठवतात?

बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरच्या बाबतीत मी इतका कठोर होऊ शकत नाही. २००९ मध्ये तो सिॲटल मरिनर्समध्ये परतला आणि हंगामाच्या शेवटच्या दिवशी सहकाऱ्यांनी त्याला खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. तिथेच थांबायला हवे होते, असे आज म्हणणे सोपे आहे. तो आणखी एका वर्षासाठी आला. कारकिर्दीत ६३० होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारलेल्या त्या फलंदाजाला २०१० मध्ये एकही मारता आला नाही आणि २ जून रोजी, हंगाम ऐन भरात असताना, त्याने निवृत्ती जाहीर केली. अशा वेळी क्लबनेही तिकीटविक्रीचा मोह आवरून त्याच्याशी आधीच स्पष्ट बोलायला हवे, असे मला वाटते.

अमेरिकी फुटबॉलमध्ये निवृत्त होणारा खेळाडू जुन्या संघाशी एका दिवसाचा नाममात्र करार करतो आणि न खेळताच त्या संघाचा म्हणून निवृत्त होतो; काहींना हा पोरखेळ वाटतो. मला तो प्रामाणिक वाटतो, कारण त्यात कोणाचीही जागा अडत नाही. २००६ मध्ये जेरी राइसने फोर्टीनाइनर्स (49ers) या आपल्या जुन्या संघाशी असा करार केला, तेव्हा त्यावर १९,८५,८०६ डॉलर आणि ४९ सेंट अशी रक्कम होती: संघात आल्याचे वर्ष १९८५, जर्सीचा क्रमांक ८०, निवृत्तीचे वर्ष ०६ आणि संघाच्या नावातले ४९. प्रत्यक्षात त्याला एक डॉलरही मिळाला नाही.

आयपीएलमध्ये तर परतणे खेळाडूच्या एकट्याच्या हातात नसते, कारण मध्ये लिलाव असतो. रविचंद्रन अश्विनला चेन्नई सुपर किंग्जने ९.७५ कोटी रुपयांना परत घेतले, पण २०२५ च्या हंगामात तो नऊच सामने खेळला, संघ तळाला राहिला आणि ऑगस्टमध्ये त्याने आयपीएलचा निरोप घेतला. हे पुनरागमन फसले, असे सर्रास म्हटले जाते. एवढी किंमत मोजूनही संघाने त्याला चौदापैकी पाच सामन्यांत वगळले, याबद्दल मात्र मी संघाला दोष देणार नाही.