ऑनलाईन डिप्लोमा केला म्हणून सिझर करता येत नाही हो!

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की नर्सताईंनी घरबसल्या ऑनलाईन पीजी डिप्लोमा केला की त्या बाळंतपणाच्या स्पेशालिस्ट, मग सिझर-सोनोग्राफी सगळं गावातच, सिव्हिलला पळायला नको. ऐकायला गोड आहे पण खरं नाही.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचा माता-बाल आरोग्याचा पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणाने होतो हे बरोबर, पण तो एमबीबीएस डॉक्टरांसाठी, आणि त्यातसुद्धा हॉस्पिटलात प्रॅक्टिकल असतंच. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं तर एमएस, ३ वर्षं रेसिडेन्सी म्हणजे हॉस्पिटलात राबून शिकणं, ते मोबाईलवर कसं होणार? सोनोग्राफीला तर १९९४ चा पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंग निदानबंदीचा कायदा आहे, सेंटरची नोंदणी लागते आणि मशीनला हात कोण लावणार हेही ठरलेलं.

नर्सना खरंच पुढे जायचं असेल तर २०१८ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतला मिडवाइफरीचा, म्हणजे बाळंतपण करण्याचा, कोर्स बघा, १८ महिन्यांचा, प्रत्यक्ष ट्रेनिंगचा. त्यातही नॉर्मल बाळंतपणच, सिझर नाही.

मग ऑनलाईन शिकणं वाया का? मुळीच नाही. पार्टोग्राफचंच घ्या, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते दाखवणारा आलेख: गर्भाशयाचं तोंड ४ सेंमी उघडलं की तिथून अलर्ट म्हणजे इशाऱ्याची रेषा, तासाला १ सेंमी चढणारी, पेशंटचा आलेख त्या रेषेच्या उजवीकडे गेला की वाट न बघता १०८ बोलवून पेशंट पुढे पाठवायचा. रात्रपाळीला पीएचसीत एकटीच असलेल्या सिस्टरला हे पक्कं असेल तर पावसाळ्यात, रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही तेव्हा, तासभर आधी गाडी निघते. तेव्हा कोर्स जरूर करा, फक्त फी भरायच्या आधी नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का ते विचारा आणि तो मेसेज पुढे ढकलू नका.