दंडुका, पावती आणि मास्क

परवा एका ग्रुपवर पुन्हा तेच वाक्य वाचलं. "आपल्या लोकांना दंडुक्याचीच भाषा कळते, कोरोनात पाहिलंच की!" नेमकं काय पाहिलं म्हणे?

२०२०-२१ मध्ये आम्ही काही जण पुण्यातल्या एका वस्तीत धान्य आणि मास्क वाटत होतो. एका गल्लीत सोलापूर-कलबुर्गीकडचे बांधकाम मजूर, पलीकडे बिहारचे कारागीर, बुद्धविहारामागे एक गल्ली, मशिदीला लागून दुसरी. मास्क न घालायची कारणं प्रत्येक दारात वेगळी, आणि बेशिस्त हे त्यातलं फार थोड्यांचं. धुणीभांडी करणाऱ्या मावशींकडे दिवसाला एकच मास्क. दुसऱ्या घरी पोचेपर्यंत तो साबणाच्या पाण्याने ओलाचिंब, श्वास घेता येईना. ऐकायला न येणारा एक मुलगा समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यायचा, सगळ्यांची तोंडं झाकल्यावर तो एकटा पडला. मजुरांच्या घरातल्या आज्यांना कानडी सोडून काही येत नव्हतं, आणि नाक्यावरचा फलक मराठीत. फोन लावला की आधी ती कॉलर ट्यून, तीही हिंदीत. लोक वैतागून फोन कानापासून लांब धरायचे.

आणि तंबाखू! मास्कचा खरा वैरी तोच. दाढेखाली बार भरला की दर पाच मिनिटांनी पिचकारीसाठी मास्क खाली. त्यावर एक अक्षर लिहिलेलं पोस्टर माझ्या तरी पाहण्यात नाही.

(तोंड झाकायचं वावडं म्हणाल तर ज्या शहरातल्या पोरी कोरोनाच्या कितीतरी आधीपासून डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून स्कूटी पळवतात, त्या शहराबद्दल तरी असं बोलू नका.)

दंडाने काय झालं? मुंबईत विनामास्कचा दंड आधी १००० रुपये होता, पुढे २०० केला. हातावर पोट असलेल्याला २०० सुद्धा झोंबतात. पण झोंबले म्हणून मास्क नाकावर बसला असं नाही. आमच्याकडे तो खिशात बसला. पोलीस दिसला की नाकावर, वळला की हनुवटीवर. संसर्गाला घाबरायच्या ऐवजी माणसं पावतीला घाबरायला लागली, आणि घरात, टपरीवर, मयतीला, म्हणजे जिथे पावती फाडणारा नव्हता तिथे सगळे उघड्या तोंडाने.

आमच्या वस्तीत फरक पडला तो बचत गटातल्या एका ताईंमुळे. ब्लाउजपीसच्या उरलेल्या कापडातून त्या मास्क शिवायच्या. इलॅस्टिकने कान दुखतात म्हणून मागे बांधायच्या नाड्या लावल्या, मुलांसाठी लहान माप काढलं. वाटायलाही स्वतःच जायच्या, त्यामुळे "काय गं, दिलेला कुठंय?" असं विचारायचा हक्क त्यांच्याकडे होता. तो मला नव्हता, पोलिसाला तर नव्हताच. मशिदीजवळच्या गल्लीत मौलानांनी सांगितलं, दुसरीकडे गणपती मंडळाच्या पोरांनी. मी तेच शब्द बोलले असते तर "हो ताई, हो ताई" म्हणून दार लागलं असतं.

हा माझ्या एका वस्तीचा अनुभव, म्हणून सोडून द्या हवं तर. पण बांगलादेशात हेच मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलंय. येल विद्यापीठाचे जेसन अबालक, मुश्फिक मोबारक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०० गावं घेतली, सुमारे ३.४ लाख प्रौढ माणसं. निम्म्या गावांत घरोघरी फुकट मास्क, का घालायचा ते समजावणं, बाजारात-मशिदीत समोर जाऊन आठवण करणं, इमाम आणि गावातल्या मान्यवरांनी स्वतः घालून दाखवणं. उरलेल्या गावांत मास्क नीट घालणारे १३ टक्के होते, इथे ४२ टक्के झाले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत साठीच्या पुढच्यांमधली लक्षणांसह बाधा सुमारे ३५ टक्क्यांनी कमी. कापडी मास्कचा फायदा इतका स्पष्ट दिसला नाही, म्हणजे आमच्या ब्लाउजपीसबद्दलही फार फुशारकी नको. मला सगळ्यात बोलकी वाटली ती न चाललेल्या गोष्टींची यादी. मोबाइलवरचे मेसेज, "मी मास्क घालीन" अशी वचनं, गावाला बक्षीस, यातल्या कशानेही आणखी भर पडली नाही.

आणि हो, ४२ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांनी तरीही घातला नाहीच. जादू कुठेच नाही. पण जे मानले ते दंडाशिवाय मानले.

मोठ्यांनी घालून दाखवणं हा भाग तर आपल्याकडे पार बोंबलला. २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये बंगालच्या प्रचारसभांमधली गर्दी टीव्हीवर बघून वस्तीतली माणसं मला विचारायची, "त्यांना नाही का होत?" काय सांगणार?

पुढची साथ कधी येईल कोण जाणे. आली तर पावतीपुस्तकं छापायच्या आधी घरोघरी जाणाऱ्या आशा सेविकांच्या पिशवीत चांगले सर्जिकल मास्क भरा, त्या वस्तीची भाषा बोलणारं माणूस सोबत द्या, आणि या कामाचे पैसे वेगळे द्या. जून २०२१ मध्ये, साथ ओसरलीही नव्हती तेव्हा, राज्यातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं होतं.