रिझर्व्ह बँकेच्या नावाने येणारे ईमेल आणि आधी भरायची ‘फी’

रिझर्व्ह बँकेचे बोधचिन्ह, गव्हर्नरांची सही आणि ‘आपल्या ईमेल पत्त्याची निवड झाल्याने आपल्या नावे पाच लाख पौंड जमा झाले आहेत’ अशा आशयाचा मजकूर असलेले ईमेल गेली अनेक वर्षे फिरत आहेत. रक्कम कधी परदेशी लॉटरीची असते, कधी संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाईची, तर कधी मागे वारस न ठेवता वारलेल्या एखाद्या परदेशी व्यापाऱ्याची. आपण कोणाही व्यक्तीचे खाते ठेवत नाही आणि कोणाचे बक्षीसही सांभाळत नाही, हे रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढून वारंवार सांगितले आहे. तरीही माणसे पैसे भरतात आणि तशी बातमी आली की आपण ‘हाव, दुसरे काय!’ असे म्हणून मोकळे होतो. मला हे निदान अपुरे वाटते.

माझे मत असे की या प्रकारात माणूस बक्षिसापेक्षा फीमुळे अधिक फसतो. स्वतःच्या हक्काच्या पैशासाठी आधी खिशात हात घालावा लागणे, ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. वडिलांच्या पश्चात वारस प्रमाणपत्र काढताना कोर्ट फी, मुद्रांक, प्रतिज्ञापत्र आणि नोटरी यांतून गेलेल्या माणसाला ‘तीस लाख मोकळे होण्यासाठी पंधरा हजार रुपये प्रोसेसिंग फी’ हे वाक्य खटकत नाही. उलट त्यामुळे तो ईमेल अधिकच सरकारी वाटू लागतो. ती फी भरली की कस्टम्सचे शुल्क येते, मग चलन बदलण्याचा खर्च, आणि त्यानंतर हा पैसा दहशतवाद्यांचा नसल्याचे कसलेसे प्रमाणपत्र. तिसऱ्या-चौथ्या मागणीपर्यंत बक्षीस बाजूलाच पडलेले असते; आधी भरलेले बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत राहतो.

हा डाव इंटरनेटच्याही फार आधीचा आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ‘स्पेनच्या तुरुंगात अडकलेल्या श्रीमंत कैद्याला सोडवा आणि त्याच्या संपत्तीत वाटा घ्या’ अशी पत्रे टपालाने येत असत. पुढे नायजेरियातून तशीच पत्रे टपालाने आणि फॅक्सने जगभर जाऊ लागली आणि तिथल्या फौजदारी कायद्यातील कलमावरून या प्रकाराला ‘४१९’ हे नाव पडले. अशा जाळ्यात अडाणी किंवा भोळी माणसेच सापडतात असे ज्यांना वाटते, त्यांनी ब्राझीलमधील बँको नोरोएस्ते या बँकेचे प्रकरण पाहावे. इमॅन्युएल न्वुडे या नायजेरियन भामट्याने आपल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचा गव्हर्नर असल्याची बतावणी केली आणि अबुजा येथे न होणाऱ्या विमानतळाच्या नावाखाली १९९५ ते १९९८ या काळात नोरोएस्तेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडून सुमारे २४ कोटी डॉलर उकळले. त्या अधिकाऱ्याचे रोजचे कामच परदेशी व्यवहार पाहण्याचे होते.

‘शुद्धलेखनाच्या चुका पाहा, ईमेल खोटा आहे हे लगेच कळेल’ हा सल्ला म्हणूनच मला तोकडा वाटतो. मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ साली असा युक्तिवाद मांडला होता की या पत्रांतील ढोबळ भाकडकथा भामट्यांच्या सोयीचीच असते, कारण ती वाचून शंकेखोर माणसे आपणहून गळतात आणि शेवटपर्यंत टिकणारी तेवढी उरतात. शिवाय आता यंत्राकडून निर्दोष मराठी लिहून घेता येते. त्यामुळे मजकुराची भाषा तपासण्यापेक्षा पैसा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते पाहावे. आपल्याला पैसे मिळणार असतील, तर शुल्क त्याच रकमेतून का वळते करून घेत नाहीत? खऱ्या लॉटरीचे मोठे बक्षीस लागले, तर ३० टक्के दराने कर आधीच कापून उरलेली रक्कम हाती येते. तो कर आपल्याला कोणाच्या खात्यात आगाऊ भरावा लागत नाही. परदेशी लॉटरीत भाग घेण्यासाठी भारतातून पैसे पाठवणे तर परकीय चलनविषयक कायद्यानेच निषिद्ध आहे. फी ज्या खात्यात मागितली जाते, ते बहुधा कोणा अनोळखी माणसाचे साधे बचत खाते असते, आणि एवढे एक पाहिले तरी पुरे. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी काहीही लिहिता येते, म्हणून त्यावर बोट ठेवून मागचा खरा पत्ता उघडून पाहावा. तिथे पुष्कळदा फुकटातले जीमेल खाते निघते.

आपले विसरलेले पैसे खरोखरच कुठे पडून असू शकतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. दहा वर्षे हात न लागलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात आणि त्या कोणत्या बँकेत होत्या हे शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळ उपलब्ध आहे. मात्र तिथे शोध आपण घ्यायचा असतो आणि पैशासाठी ज्या बँकेत ठेव होती त्या बँकेकडे आपणच जायचे असते. प्राप्तिकराचा परतावाही आपण आधी पडताळून दिलेल्या खात्यातच येतो; त्यासाठी कार्डाचा पिन किंवा ओटीपी लागत नाही.

या ईमेलमधली एक ओळ मात्र मला सर्वांत घातक वाटते, ती म्हणजे ‘रक्कम हाती येईपर्यंत कोणाशीही बोलू नका’. तिचा परिणाम पैसे गेल्यानंतरही टिकतो, कारण तोवर सांगायची लाज वाटू लागलेली असते, आणि ती लाज आपल्याच टोमण्यांनी पोसलेली असते. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार केली, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी गोठवले जाण्याची शक्यता असते. दोन दिवस घरात चाललेल्या उलटतपासणीत ती निघून जाते. म्हणून घरातल्या कोणी असे काही सांगितले, तर आधी १९३० ला आणि बँकेला फोन करावा, केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी आणि बाकीचे नंतर बोलावे. काही आठवड्यांनी ‘तुमचे बुडालेले पैसे परत मिळवून देतो’ असा आणखी एक ईमेल येण्याची शक्यताही त्याच वेळी सांगून ठेवावी, कारण फसलेल्यांचे पत्ते हे भामटे एकमेकांना विकतात आणि त्या नव्या ईमेलमध्येही आधी फीच मागितलेली असते.