कन्सल्टन्सीवाल्यांचे उपकार

आज सकाळी फेसबुक उघडलं तर पहिलीच पोस्ट भरती एजन्सीत काम करणाऱ्या एका बाईंची. नाव घेत नाही, आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या यादीत त्या आहेत. म्हणणं असं, की हल्लीच्या उमेदवारांना कशाची किंमतच राहिलेली नाही. आम्ही जिवाचं रान करून मुलाखती लावून द्यायच्या, आणि हे लोक ऑफर लेटर हातात पडलं की फोन उचलत नाहीत, जॉइनिंगच्या दिवशी तोंड दाखवत नाहीत. कृतघ्न कुठले! खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. 'अगदी खरं', 'डोळ्यांत अंजन घातलंत'. त्या रांगेत माझीही दोन-तीन माणसं दिसली आणि डोकं सटकलं.

फोन उचलत नाहीत? हे कोणी कोणाला सांगायचं?

हाती नोकरी नसताना ज्याने कधी कन्सल्टन्सीच्या फोनची वाट बघितली आहे, त्याला मी वेगळं काय सांगणार? 'क्लायंटला तुमचं प्रोफाइल फार आवडलंय.' 'उद्यापर्यंत अपडेट देतो.' मग तो उद्या काही येत नाही. फोन केला तर वाजत राहतो. मेसेजला दोन निळ्या खुणा, म्हणजे वाचलंय, म्हणजे माणूस धडधाकट आहे, काळजीचं कारण नाही. आणि एखाद्या रविवारी दुपारी त्याच नंबरवरून, जणू आपली कधी ओळखच झाली नव्हती अशा थाटात, 'हाय, नोकरीत बदल करायचा विचार आहे का?'

माझी गोष्ट तुमच्यातल्या काहींनी ऐकली असेल. मागच्या कंपनीत आमचा अख्खा खरेदी विभागच गुंडाळला, तेव्हा एका कन्सल्टन्सीतून एका मुलाचा फोन आला. घाईत होता. अनुभव किती, पगार किती, लगेच जॉइन होऊ शकता ना, सीव्ही पाठवून ठेवा. कंपनी कुठली विचारलं तर 'ते कॉन्फिडेन्शियल असतं मॅडम'. पाठवला सीव्ही. पुढे काहीच नाही. काही आठवड्यांनी एका कंपनीची जाहिरात दिसली. मी करत आले तेच काम, मला हवी होती तीच जागा. रात्री बसून अर्ज लिहिला, त्या कंपनीबद्दल जे मिळेल ते वाचलं, पाठवला. तिथल्या एचआरच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी खूश. त्या म्हणाल्या, "तुमचा अर्ज आमच्याकडे आधीच आलेला आहे, एजन्सीकडून. त्यामुळे आता आम्हाला तुम्हाला थेट घेता येणार नाही."

मला न विचारता. कंपनीचं नावसुद्धा न सांगता.

आता यात धंदा कसा चालतो ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एजन्सीला पैसे देते कंपनी, उमेदवार नाही. माणूस रुजू झाला की त्याच्या पहिल्या वर्षाच्या पगाराचे ठरलेले टक्के, कुठे कमी, कुठे जास्त. रुजू झाला नाही तर छदामही नाही. दोन-तीन महिन्यांत सोडून गेला तर फुकट बदली माणूस द्यायचा किंवा पैसे परत करायचे, असा करार बहुतेक ठिकाणी असतो. एकाच जागेवर कंपनीने चार एजन्स्या सोडलेल्या असतात, आणि ज्याने तुमचा कागद आधी टाकला त्याचा तुमच्यावर हक्क, बऱ्याचदा सहा महिने, कधी वर्षभर. म्हणून ती घाई. तुमच्याशी नीट बोलण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात दुसरा टाकून मोकळा होईल. आणि उद्या तुम्ही थेट अर्ज केलात, तर कंपनी विचार करते, हिला घेतलं तर ती एजन्सी बिल पाठवणार, कशाला डोक्याला ताप? दुसरे आहेत की. झालं. भांडण त्या दोघांच्या बिलाचं, घरी बसले मी.

तेव्हा आधी हे 'उपकार' प्रकरण मिटवून टाकू. तुम्ही माझ्यासाठी धावत नव्हता हो. तुमच्या टक्क्यांसाठी धावत होतात. त्यात वाईट काही नाही, प्रत्येक जण पोटासाठी काम करतो. मी पण करते. पण मग मला कृतज्ञता शिकवू नका. घराचा दलालसुद्धा घर दाखवल्याशिवाय सौदा ठरवत नाही. इथे मला न दाखवता माझाच सौदा.

त्या फोनवर अजून एक गोष्ट झाली, ती मी फारशी कोणाला सांगत नाही. फोन ठेवता ठेवता त्या एचआरच्या बाई सहज म्हणाल्या, "तुम्ही पंधरा जणांची टीम सांभाळता ना?" मी म्हटलं, "पंधरा? आम्ही तिघं होतो, आणि मी कोणाची साहेब नव्हते." पलीकडे क्षणभर काही नाही. मग त्यांनी समोरचा कागद वाचून दाखवला. वर एजन्सीचा लोगो. माझा फोन नंबर, ईमेल काढून टाकलेला, म्हणजे कंपनीने मला परस्पर गाठू नये. आणि मी आयुष्यात न लिहिलेली ती पंधरा जणांची ओळ. मला आजही तो फोन आठवला की कानशिलं तापतात. नोकरी गेली ते गेलं. पण एका अनोळखी कंपनीच्या फायलीत मी खोटारडी म्हणून नोंदले गेले, आणि खोटं बोलणारा मात्र 'कॉन्फिडेन्शियल'!

मी त्या एजन्सीला ईमेल केला. माझा सीव्ही तुम्ही कोणाकोणाला पाठवलात, आणि नेमका कुठला पाठवलात? उत्तर नाही. युरोपात 25 मे 2018 पासून जो विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा लागू आहे, त्यात तिथल्या माणसाने हाच प्रश्न विचारला तर साधारण महिनाभरात उत्तर द्यावं लागतं, आणि ठरावीक कारणं असतील तर 'माझी माहिती पुसून टाका' असंही सांगता येतं. म्हणजे मी काही चंद्र मागत नव्हते.

आणि त्या पोस्टखाली एक महाशय लिहितात, 'एजन्सी फुकट नोकरी मिळवून देते, अजून काय पाहिजे?' अहो, फुकट ही मेहरबानी नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1997 चा करार आहे, क्रमांक 181. त्याच्या सातव्या कलमात स्वच्छ लिहिलंय की खाजगी रोजगार एजन्सीने कामगाराकडून थेट किंवा आडून, पूर्ण किंवा थोडी, कसलीच फी घ्यायची नाही. सहावं कलम कामगाराच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल आहे. बरं, मान्य, त्यात अपवादाला जागा ठेवलीय आणि बऱ्याच देशांनी तो करार अजून स्वीकारलेलाही नाही. पण जगात एवढं तरी ठरलंय की काम शोधणाऱ्याच्या खिशात हात घालायचा नाही. तरी घालतातच. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, फाइल चार्जेस, डिपॉझिट. ज्या क्षणी कोणी नोकरीसाठी पैसे मागेल, त्या क्षणी फोन ठेवा. तसंच मूळ सर्टिफिकेटं किंवा पासपोर्ट 'ऑफिसात जमा करा' म्हणालं तरीही. यावर चर्चा नको.

पगाराचं पण बोलायचं राहिलं. पहिला प्रश्न कायम तोच, 'सध्या किती?' मी त्या जागेसाठी किती मागते याच्याशी माझ्या जुन्या मालकाच्या कंजूसपणाचा काय संबंध? कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासून कंपनीने किंवा तिच्या एजंटने हा प्रश्न विचारायलाच बंदी आहे. इकडे आपण विचारलं की जागेचं बजेट किती, तर 'तुमच्या अनुभवाप्रमाणे'. माझं सगळं उघडं, तुमचं सगळं झाकलेलं. असो, यावर लिहायला बसले तर वेगळी पोस्ट होईल.

हो, आता येतील सांगायला, की उमेदवारही वागतात तसेच. वागतात. चार ऑफर खिशात ठेवून पाचवीची वाट बघणारे आहेत, आणि रुजू व्हायच्या दिवशी फोन बंद करून बसणारे मी स्वतः पाहिलेत. चूक आहे ते. पण चार ऑफर असलेला माणूस आणि एकही नसलेला माणूस यांना एकाच पोस्टमध्ये झोडपू नका.

आणि चांगल्या रिक्रूटरही आहेत. मला आत्ताची नोकरी एका एजन्सीतूनच मिळाली, हे नाही सांगितलं तर कोणीतरी कमेंटमध्ये सांगेलच. त्या बाईंनी कंपनीचं नाव सांगितलं, मेलवर माझा होकार घेतला, मगच सीव्ही पाठवला, आणि त्याआधी एका जागेला 'नाही' झालं तेव्हा स्वतः फोन करून 'नाही झालं' म्हणाल्या. एवढंच केलं त्यांनी. दोन मिनिटांचा फोन होता. म्हणजे जमतं.

तो पंधरा जणांवाला मुलगा. त्याचा मला मागच्या वर्षी परत मेसेज आला. मला वाटलं, आला नवीन जागा घेऊन. तर नाही. त्याची एजन्सी सुटली होती, किंवा त्याला काढलं होतं, आणि तो ओळखीपाळखीच्या सगळ्यांना स्वतःचा सीव्ही पाठवत होता. मी कोण हे त्याला आठवतही नसावं. उत्तरात काय काय लिहायचं ते मनात तयार होतं, हो, पंधराच्या आकड्यासकट. मग फोन केला. तो सांगत होता, रोज इतके कॉल, आठवड्याला इतके सीव्ही क्लायंटकडे गेलेच पाहिजेत, नाही गेले तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर लाज काढायचे. उमेदवाराला 'नाही' कळवण्यात जाणारा वेळ कामात मोजत नाहीत, म्हणून कोणी कळवत नाही. माझ्या सीव्हीचं विचारलं. म्हणाला, "मॅडम, ते फॉरमॅट करणारी टीम वेगळी असायची." असेलही. खोटं बोलत असेल तर तेही असेल. राग पूर्ण गेला नाही, पण त्याच्यावरचा गेला. त्याचा सीव्ही मी आमच्या एचआरला दिला, त्याला कंपनीचं नाव आधी सांगून.

त्यामुळे आता राग कोणावर आहे ते नीट सांगते. वीस-बावीस वर्षांच्या पोरांना आकडे गाठायला बसवणाऱ्यांवर, आणि एकाच जागेवर चार एजन्स्या सोडून वर 'आम्हाला चांगली माणसंच मिळत नाहीत' म्हणणाऱ्या कंपन्यांवर. मुलाखतीच्या तीन फेऱ्या करून माणसाला टांगून ठेवणाऱ्या कंपन्या त्यात पहिल्या. निर्णय त्यांच्याकडे अडकलेला असतो आणि शिव्या फोनवरचं पोरगं खातं.

माझ्या यादीतले जे जे सध्या शोधात आहेत त्यांच्यासाठी, मी आता काय करते ते. पहिल्याच फोनवर सांगते, कंपनीचं नाव लेखी कळवल्याशिवाय आणि माझा लेखी होकार आल्याशिवाय माझा सीव्ही कुठेही पाठवायचा नाही. सीव्ही पीडीएफमध्येच देते. बदलणारा तरी बदलतोच, पण थोडे कष्ट पडू देत. कुठल्या एजन्सीने कुठे, कधी पाठवला याची एक वही ठेवते. आणि मुलाखतीला माझ्या मूळ सीव्हीच्या प्रती नेते. बसल्या बसल्या विचारते, तुमच्याकडे आहे तो आणि हा एकच आहे ना? दोनदा तरी समोरच्यांनी एकमेकांकडे बघितलंय.

परवा एकाला ती लेखी होकाराची अट सांगितली, तर म्हणाला, "असं कोणी विचारत नाही मॅडम, सगळे लगेच पाठवतात." म्हटलं, मग सगळ्यांचे घ्या. त्याने फोन ठेवला. संध्याकाळी कंपनीच्या नावासकट मेल आला.